एडगर डग्लस एड्रियन

एडगर डग्लस एड्रियन, पहिले बॅरन एड्रियन (जन्म : ३० नोव्हेंबर १८८९, लंडन, मृत्यू : ४ ऑगस्ट १९७७, केंब्रिज) हे विख्यात इंग्लिश शरीरक्रियावैज्ञानिक होते. चेतापेशींच्या कार्यासंबंधीच्या शोधांबद्दल त्यांना आणि सर चार्ल्स शेरिंग्टन यांना १९३२ सालचे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. एकाच चेतातंतूमधून जाणाऱ्या विद्युत् आवेगांची नोंद घेणे, संवेदनेची तीव्रता आवेगांच्या वारंवारतेतून व्यक्त होते हे दाखविणे आणि मानवी मेंदूतील विद्युत् लहरींच्या शोधाला स्वतंत्र प्रयोगाने पुष्टी देणे ही त्यांची सर्वाधिक परिचित कामे होत. मेंदूच्या घ्राणविभागातील विद्युत् लहरी श्वासाच्या लयीशी बांधलेल्या असतात, हे त्यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण मात्र दीर्घकाळ मोजक्या तज्ज्ञांपुरतेच मर्यादित राहिले. श्वसन, गंध आणि स्मृती यांच्या परस्परसंबंधांवर एकविसाव्या शतकात जे संशोधन सुरू झाले, त्याचा पाया म्हणून आज या निरीक्षणाकडे पाहिले जाते.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

एड्रियन यांचा जन्म लंडनच्या हॅम्पस्टेड या भागात झाला. त्यांचे वडील आल्फ्रेड डग्लस एड्रियन हे ब्रिटिश शासनाच्या स्थानिक प्रशासन मंडळाचे विधी सल्लागार होते. आईचे नाव फ्लोरा लॅव्हिनिया बार्टन. एड्रियन यांचे शालेय शिक्षण लंडनमधील वेस्टमिन्स्टर स्कूल या जुन्या विद्यालयात झाले. १९०८ साली शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले आणि १९११ साली निसर्गविज्ञानाची पदवी परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. पुढील सर्व आयुष्यात त्यांचा ट्रिनिटी कॉलेजाशी असलेला संबंध तुटला नाही. विद्यार्थी, फेलो, प्राध्यापक आणि अखेरीस कॉलेजाचे प्रमुख अशा सर्व नात्यांनी ते तेथे वावरले.

कीथ लुकास यांचे मार्गदर्शन

केंब्रिजमध्ये एड्रियन यांना कीथ लुकास हे गुरू लाभले. लुकास हे कुशल शरीरक्रियावैज्ञानिक होते, तसेच उपकरणे बनविण्यातही निष्णात होते. स्नायूचा एक तंतू आकुंचन पावतो तेव्हा तो पूर्णपणे आकुंचन पावतो, अन्यथा मुळीच नाही, हे त्यांनी दाखवून दिले होते. हाच नियम चेतातंतूंना लागू पडतो काय, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

या प्रश्नाची परीक्षा एड्रियन यांनी बेडकाच्या चेतातंतूवर केली. तंतूच्या एका तुकड्यावर अल्कोहोलच्या वाफेचा प्रयोग केला असता तेथून जाणारा आवेग क्षीण होतो. परंतु तो त्या भागातून पलीकडे निसटला, तर पुढच्या निरोगी भागात त्याला आपली मूळची शक्ती पूर्णपणे परत मिळते, असे त्यांना आढळले. याचा अर्थ असा की आवेगाला लागणारी ऊर्जा उद्दीपनातून येत नसून तंतूच स्वतः ती पुरवितो. उद्दीपन प्रबळ असले म्हणून आवेग मोठा होत नाही. हा ‘सर्व किंवा काहीच नाही’ असा नियम होय. या कामाबद्दल १९१३ साली एड्रियन यांना ट्रिनिटी कॉलेजाची फेलोशिप मिळाली.

या नियमातून एक नवेच कोडे उभे राहिले. प्रत्येक आवेग सारख्याच आकाराचा असेल, तर हलका स्पर्श आणि जोराचा दाब यांतील भेद मेंदूला कळतो कसा? या कोड्याचे उत्तर मिळण्यास आणखी बारा वर्षे जावी लागली, कारण मध्यंतरी पहिले महायुद्ध आले.

महायुद्धाचा काळ

युद्ध सुरू झाल्यावर एड्रियन यांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण वेगाने पूर्ण केले आणि १९१५ साली ते वैद्यकीय पदवीधर झाले. चेतांना इजा झालेल्या तसेच युद्धाच्या मानसिक आघाताने वाचा, दृष्टी किंवा हातापायांची हालचाल गमावलेल्या सैनिकांवर उपचार करण्याचे काम त्यांच्याकडे आले. लुईस यीलँड यांच्यासह त्यांनी अशा रुग्णांच्या उपचारांवर १९१७ साली एक लेख प्रसिद्ध केला. या उपचारांत विजेच्या धक्क्यांचाही वापर होत असे. ते वेदनादायक होते आणि त्यांच्या नैतिकतेविषयी पुढील काळात इतिहासकारांनी कठोर टीका केली. एड्रियन यांच्या चरित्रातील हा भाग त्यांच्या नंतरच्या शांत प्रयोगशाळेतील कामाशी विसंगत वाटतो. तथापि तो वगळून त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही.

याच काळात त्यांच्यावर व्यक्तिगत आघातही झाला. युद्धात विमानांच्या उपकरणांवर काम करणारे कीथ लुकास १९१६ साली दोन विमानांच्या हवेत झालेल्या टकरीत मरण पावले. लुकास यांचे चेता आवेगांवरील अपुरे राहिलेले पुस्तक एड्रियन यांनी संपादित करून १९१७ साली प्रसिद्ध केले. १९१९ साली ते केंब्रिजला परतले आणि गुरूंच्या प्रयोगशाळेची जबाबदारी त्यांनी स्वीकारली.

एकाच तंतूची भाषा

चेता आवेग अत्यंत क्षीण आणि क्षणिक असतात. त्या वेळी उपलब्ध असलेला केशिका विद्युत्‌मापक, म्हणजे बारीक काचनळीतील पाऱ्याच्या हालचालीवरून विजेचा दाब दाखविणारे उपकरण, अशा आवेगांसाठी पुरेसा संवेदनशील नव्हता. युद्धकाळात रेडिओसाठी विकसित झालेल्या निर्वात नलिकांनी ही अडचण दूर केली. अमेरिकेतील संशोधकांनी अशा नलिकांचे वर्धक चेतासंशोधनात वापरले होते. एड्रियन यांनी तसाच वर्धक लुकास यांच्या विद्युत्‌मापकाला जोडला.

१९२५ साली बेडकाच्या स्नायूपासून निघालेल्या चेतेवर हे उपकरण लावले असता पाऱ्याची रेषा सतत थरथरू लागली. प्रथम तो उपकरणाचाच दोष वाटला. परंतु स्नायू काचेच्या पट्टीवर टेकवून ठेवला की थरथर थांबे आणि तो लोंबकळत सोडला की पुन्हा सुरू होई. लोंबणारा स्नायू आपल्याच वजनाने ताणला जात होता आणि त्या ताणाची वार्ता त्याच्यातील संवेदी तंतू पाठवीत होते. दोष समजली गेलेली थरथर हाच शोध होता.

त्यानंतर स्वीडिश संशोधक इंगव्हे झॉटरमन यांच्या साहाय्याने एड्रियन यांनी बेडकाचा एक लहान स्नायू थोडा थोडा कापत नेला. अखेर त्यात एकच संवेदी अग्र उरले आणि एका तंतूतील आवेगांची सुटी नोंद मिळाली. ताण वाढविला तरी आवेगांचा आकार बदलत नसे. त्यांची दर सेकंदाची संख्या मात्र वाढत असे. ताण तसाच ठेवल्यास ही संख्या हळूहळू घटत जाई. तीव्रतेचा भेद आवेगांच्या वारंवारतेत असतो, हे बारा वर्षांपूर्वीच्या कोड्याचे उत्तर होते. एकसारखे उद्दीपन चालू राहिले की त्याची जाणीव बोथट का होते, याचाही काही उलगडा यातून झाला. हे सर्व विवेचन त्यांच्या ‘द बेसिस ऑफ सेन्सेशन’ या १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आले आहे.

वर्धकाला ध्वनिक्षेपक जोडून आवेग कानांनी ऐकण्याची पद्धतही एड्रियन वापरीत. एकदा अंधाऱ्या खोलीत भेकाच्या दृष्टिचेतेवर विद्युदग्रे लावलेली असताना ध्वनिक्षेपकातून मधूनमधून आवाज येऊ लागले. खोलीतील आपल्या हालचालींशी ते आवाज जुळतात, असे ध्यानात आल्यावर त्यांना उमगले की भेकाला आपण दिसत आहोत.

श्वसनाच्या लयीचा अभ्यास

एड्रियन यांचे श्वसनाकडे लक्ष जाण्यास प्रयोगाची सोय हे एक कारण होते. भूल दिलेल्या प्राण्यातही श्वास चालूच राहतो. त्यामुळे मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नैसर्गिक आज्ञा तेथे अखंड मिळतात. १९२८ साली अमेरिकन संशोधक डेटलेव्ह ब्रॉंक यांच्यासह त्यांनी सशाच्या श्वासपटलाकडे जाणाऱ्या चेतेतील एकेका तंतूची नोंद घेतली. प्रत्येक श्वासाबरोबर आवेगांचा एक झुबका येई. श्वास खोल झाला की झुबक्यातील आवेगांची वारंवारता वाढे आणि अधिक तंतू कामाला लागत. संवेदी तंतूंप्रमाणेच प्रेरक तंतूही वारंवारतेचीच भाषा वापरतात, हे यावरून सिद्ध झाले. याच दोघांनी विकसित केलेल्या सुईसारख्या विद्युदग्राचे सुधारलेले रूप आजही स्नायूंच्या विद्युत् तपासणीसाठी वापरले जाते.

१९३१ साली डच संशोधक फ्रेडरिक बॉयटेन्डाइक यांच्यासह केलेल्या प्रयोगात त्यांनी सोनमाशाचा मस्तिष्कस्तंभ शरीरापासून वेगळा काढला. त्यात विद्युत् दाबाच्या मंद लहरी दिसत आणि त्यांची गती माशाच्या कल्ल्यांच्या हालचालीशी मिळतीजुळती असे. शरीराकडून कोणतीही वार्ता येत नसताना ही लय चालू होती. त्यावरून ती चेताकेंद्रातच उत्पन्न होऊ शकते, असे दिसून आले. पुढे १९३३ साली त्यांनी व्हेगस या चेतेचा अभ्यास केला. फुप्फुसे फुगत जातात तशी त्यांतील ताणसंवेदी अग्रांकडून येणाऱ्या आवेगांची वारंवारता वाढते आणि त्या वार्तेमुळे श्वास आत घेण्याची क्रिया आवरली जाते, हे त्यांनी दाखविले. हेरिंग आणि ब्रॉयर यांनी १८६८ साली वर्णिलेल्या प्रतिक्षिप्त क्रियेचे कारण त्यामुळे तंतूंच्या पातळीवर कळले.

अशा रीतीने श्वासाची आज्ञा, तिची केंद्रातील लय आणि फुप्फुसांकडून येणारी उलट वार्ता या तिन्ही बाजू त्यांनी हाताळल्या. घ्राणेंद्रियाच्या अभ्यासाकडे वळताना ही पार्श्वभूमी त्यांच्यापाशी होती.

मेंदूच्या विद्युत् लहरी

जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२९ साली माणसाच्या डोक्यावर विद्युदग्रे लावून सेकंदाला सुमारे दहा आंदोलने असलेल्या लहरी नोंदविल्याचे जाहीर केले होते. शरीरक्रियावैज्ञानिकांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. एड्रियन यांनाही प्रथम शंकाच होती. परंतु त्यांनी ब्रायन मॅथ्यूज यांच्यासह तो प्रयोग करून पाहिला आणि १९३४ साली केंब्रिजमधील शरीरक्रियावैज्ञानिकांच्या सभेत त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. त्यात स्वतः एड्रियन यांच्याच डोक्यावर विद्युदग्रे लावलेली होती. डोळे मिटले की लहरी उमटत. डोळे उघडून काही पाहिले किंवा मनातल्या मनात अवघड हिशेब केला की त्या मावळत. पाणभुंगेऱ्याच्या दृष्टिकेंद्रातही त्यांना तशाच प्रकारची लय आढळली. या लहरींना त्यांनी ‘बर्गर लय’ असे नाव देऊन शोधाचे श्रेय बर्गर यांच्याकडेच ठेवले. त्यानंतर विद्युत् मस्तिष्कालेखनाला, म्हणजे आजच्या ई.ई.जी. तपासणीला, जगभर मान्यता मिळाली.

घ्राणेंद्रिय आणि श्वास

१९३७ साली एड्रियन केंब्रिज विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक झाले. तोपर्यंत स्पर्श, ताण, दृष्टी इत्यादी संवेदनांच्या चेतांचा अभ्यास बराच पुढे गेला होता. गंध मात्र मागे राहिला होता, कारण नाकातील घ्राणपेशींचे तंतू अतिशय बारीक व आखूड असतात आणि ते लगेच कवटीत शिरतात. १९३८ साली एड्रियन यांनी माशांच्या घ्राणेंद्रियावर काम केले व त्यानंतर ते सस्तन प्राण्यांकडे वळले.

यासाठी त्यांनी जाहक हा प्राणी निवडला. संकट येताच अंगाचा काटेरी गोळा करणारा हा लहान निशाचर युरोपातील बागांतून सर्रास आढळतो आणि अन्न मुख्यत्वे वासाने शोधतो. त्याच्या मेंदूचा इतर भाग लहान असला, तरी घ्राणकंद आणि त्याला जोडलेली पिरिफॉर्म पाळी हे भाग मोठे आणि ठळक असतात. नाकाच्या छतावरील घ्राणपेशींकडून येणारी वार्ता प्रथम घ्राणकंदात पोहोचते व तेथून पिरिफॉर्म भागाकडे जाते.

भूल दिलेल्या जाहकाच्या या भागांवर विद्युदग्रे ठेवून घेतलेल्या नोंदी एड्रियन यांनी १९४२ साली प्रसिद्ध केल्या. त्यांत दोन प्रकारच्या हालचाली दिसत होत्या. एक, घ्राणकंदाची स्वतःची अनियमित आणि सतत चालणारी हालचाल. दुसरी, गंधयुक्त हवा नाकात शिरताच उमटणारी नियमित, जलद लहरींची माळ. ही माळ श्वास आत घेताना सुरू होई, वाढे आणि श्वास सोडताना विरून जाई. पुढच्या श्वासाबरोबर ती पुन्हा उमटे. पिरिफॉर्म भागातही श्वासागणिक तसाच प्रतिसाद मिळे. म्हणजे गंधाची वार्ता मेंदूला अखंड धारेसारखी मिळत नसून ती श्वासाच्या हप्त्यांनी मिळते आणि प्रत्येक हप्त्यात मंद श्वासलयीवर जलद लहरी स्वार झालेल्या असतात.

या निरीक्षणाचे महत्त्व पुढील तुलनेने ध्यानात येते. डोळ्यावर प्रकाश पडतो किंवा कानावर ध्वनी आदळतो, तेव्हा त्याची वेळ बाहेरचे जग ठरविते. वासाच्या बाबतीत ती वेळ प्राणी स्वतः ठरवितो, कारण श्वास घेतल्याशिवाय गंधकण घ्राणपेशींपर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत. हुंगणे ही त्यामुळे स्नायूंची हालचाल असूनही संवेदनेचाच एक भाग ठरते.

याच सुमारास एड्रियन यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या मेंदूत शरीराच्या कोणत्या भागाला किती जागा मिळते, याचेही नकाशे काढले. डुकराच्या मेंदूत स्पर्शसंवेदनेची बहुतेक जागा नाकाड्याने व्यापलेली असते, तर शेटलंड जातीच्या तट्टाच्या मेंदूत नाकपुड्यांना फार मोठा वाटा मिळतो, असे त्यांना आढळले. ज्या अवयवाने प्राणी जगाची ओळख करून घेतो, त्याला मेंदूत अधिक जागा असते, असा याचा अर्थ होता.

युद्धोत्तर काळात त्यांनी सशावर प्रयोग करून घ्राणकंदाचा अभ्यास पुढे नेला. वेगवेगळे गंध घ्राणकंदाच्या वेगवेगळ्या भागांना कमी-अधिक प्रमाणात जागवितात, असे त्यांनी १९५० नंतरच्या लेखांतून मांडले. पिकलेल्या केळ्यासारख्या वासाच्या अमिल ॲसिटेटला घ्राणकंदाचा पुढचा भाग अधिक प्रतिसाद देई, तर हायड्रोकार्बन संयुगांच्या वासाला मागचा भाग. प्रतिसाद कोठे उमटतो आणि श्वासाच्या कोणत्या क्षणी उमटतो, या दोहोंच्या आकृतिबंधातून मेंदू गंध ओळखत असावा, असा त्यांचा तर्क होता. रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांनी १९९१ साली गंधग्राहक प्रथिनांच्या जनुकांचा मोठा समूह शोधून काढल्यावर या तर्कातील स्थानविषयक भागाला रेणूंच्या पातळीवर आधार मिळाला. त्या शोधाबद्दल दोघांना २००४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढील संशोधनावरील प्रभाव

एड्रियन यांच्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील वॉल्टर फ्रीमन यांनी सशाच्या घ्राणकंदातील लहरींचा अनेक दशके अभ्यास केला. गंध नसलेल्या हवेनेही घ्राणकंदात श्वासलय का उमटते, या प्रश्नाचे एक उत्तर २००७ साली मिळाले. उंदरांच्या घ्राणपेशी रासायनिक कणांप्रमाणेच हवेच्या यांत्रिक दाबालाही प्रतिसाद देतात, असे त्या वर्षी दिसून आले.

गंधाचा मार्ग मेंदूच्या रचनेत वेगळा आहे. दृष्टी, ध्वनी व स्पर्श यांच्या वार्ता प्रथम थॅलॅमस या केंद्रातून जातात. घ्राणकंदाची वार्ता मात्र तो टप्पा न घेता थेट पिरिफॉर्म भागात आणि भावनांशी संबंधित असलेल्या अमिग्डला या भागात पोहोचते. तेथून स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसपर्यंतचे अंतर थोडेच असते. एखाद्या वासाने जुनी आठवण अकस्मात जागी होते, त्याचे एक कारण ही जवळीक मानली जाते. घ्राणकंदातील श्वासलय याच वाटेने स्मृतीच्या केंद्रांपर्यंत जात असेल काय, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला.

माणसांतील त्याचे उत्तर शोधण्याची संधी अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी मेंदूत विद्युदग्रे बसविलेल्या रुग्णांमुळे मिळाली. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात क्रिस्टिना झेलानो आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांच्या नोंदी अभ्यासून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिरिफॉर्म भाग, अमिग्डला आणि हिप्पोकॅम्पस या तिन्हींतील लहरी नाकाने घेतलेल्या श्वासाशी मेळ साधत होत्या. तोंडाने श्वास घेतल्यास हा मेळ क्षीण होई. निरोगी व्यक्तींवरील प्रयोगांत भयभीत चेहरे नाकाने श्वास आत घेत असताना अधिक लवकर ओळखले गेले. चित्रे लक्षात ठेवण्याच्या चाचणीतही श्वास आत घेण्याचा काळ अनुकूल ठरला. २०१८ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत झालेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना बारा वास ओळखीचे करून देण्यात आले आणि नंतरचा एक तास नाकाने किंवा तोंडाने श्वास घेण्यास सांगण्यात आले. नाकाने श्वास घेतल्यानंतर त्यांना वास अधिक चांगले आठवले.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. एड्रियन यांचे प्रयोग भूल दिलेल्या प्राण्यांवरील होते आणि स्मृती हा त्यांचा विषय नव्हता. माणसांवरील अभ्यासांत सहभागी झालेल्यांची संख्या कमी आहे आणि आढळलेले फरक लहान आहेत. श्वासाची लय मेंदूच्या काही भागांतील लहरींना वळण देते, हे आता चांगल्या प्रकारे प्रस्थापित झाले आहे. परंतु विशिष्ट पद्धतीने श्वास घेतल्यास स्मरणशक्ती कायमची वाढते, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. नोंद जेवढे सांगते तेवढेच म्हणावे, ही एड्रियन यांच्या लेखनातील शिस्त या बाबतीतही उपयुक्त आहे.

पदे आणि सन्मान

एड्रियन १९२३ साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९५० ते १९५५ या काळात ते तिचे अध्यक्ष होते. सोसायटीचे रॉयल पदक १९३४ साली आणि कॉप्ली पदक १९४६ साली त्यांना मिळाले. १९४२ साली त्यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान देण्यात आला. १९५१ ते १९६५ या काळात ते ट्रिनिटी कॉलेजाचे मास्टर, म्हणजे प्रमुख होते. १९५५ साली त्यांना बॅरन ही पदवी मिळून ते हाउस ऑफ लॉर्ड्सचे सदस्य झाले. १९५७ ते १९५९ या काळात ते केंब्रिज विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे १९७५ पर्यंत त्याच विद्यापीठाचे कुलपती होते. लेस्टर विद्यापीठाचे कुलपतिपदही त्यांनी भूषविले.

१९५४ साली ऑक्सफर्ड येथे ब्रिटिश विज्ञानवर्धिनी संस्थेच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी अण्वस्त्रांच्या किरणोत्सर्गाचा धोका स्पष्ट शब्दांत मांडला. अणुस्फोट वारंवार होत राहिल्यास सर्वत्र पसरणाऱ्या किरणोत्सर्गापासून कोणालाही बचाव करता येणार नाही, असा इशारा त्यांनी दिला होता.

त्यांच्या ग्रंथांत ‘द बेसिस ऑफ सेन्सेशन’ (१९२८), ‘द मेकॅनिझम ऑफ नर्व्हस ॲक्शन’ (१९३२) आणि ‘द फिजिकल बॅकग्राउंड ऑफ परसेप्शन’ (१९४७) हे प्रमुख होत. थोड्या शब्दांत, साध्या उदाहरणांनी विषय उलगडण्याच्या हातोटीमुळे हे ग्रंथ तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेरही वाचले गेले.

कौटुंबिक जीवन आणि निधन

१९२३ साली एड्रियन यांचा विवाह हेस्टर ॲग्नेस पिन्सेंट यांच्याशी झाला. हेस्टर यांचे भाऊ डेव्हिड पिन्सेंट हे तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनस्टाइन यांचे जिवलग मित्र होते आणि तेही लुकास यांच्याप्रमाणेच युद्धकाळातील विमान अपघातात मरण पावले होते. विट्गेनस्टाइन यांनी आपला पहिला ग्रंथ त्यांच्याच स्मृतीला अर्पण केला आहे. हेस्टर एड्रियन यांनी न्यायदंडाधिकारी म्हणून काम केले, तसेच मानसिक आजार आणि मतिमंदत्व असलेल्या व्यक्तींच्या कल्याणासाठी दीर्घकाळ कार्य केले. १९४२ साली गिर्यारोहण करताना झालेल्या अपघातात त्यांना एक पाय गमवावा लागला. तरीही त्यांचे सार्वजनिक कार्य थांबले नाही. १९६६ साली त्यांचे निधन झाले.

या दांपत्याला एक मुलगी आणि नंतर जुळी, म्हणजे एक मुलगी व एक मुलगा, अशी तीन अपत्ये झाली. पुत्र रिचर्ड एड्रियन हेही शरीरक्रियावैज्ञानिक झाले. थोरली मुलगी ॲन हिचा विवाह चार्ल्स डार्विन यांचे पणतू, शरीरक्रियावैज्ञानिक रिचर्ड केन्स यांच्याशी झाला. एड्रियन यांना डोंगर चढण्याची, तलवारबाजीची आणि सायकलीची आवड होती. त्यांच्या हालचाली चपळ होत्या आणि पसाऱ्याने भरलेल्या प्रयोगशाळेत ते बहुतेक काम स्वतःच्या हातांनी करीत.

४ ऑगस्ट १९७७ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. चेता आवेगाची उत्पत्ती स्पष्ट करून १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे ॲलन हॉजकिन आणि अँड्रू हक्स्ली हे दोघेही केंब्रिजच्या त्याच परंपरेत घडलेले संशोधक होत. रुग्णालयातील ई.ई.जी. कक्षापासून श्वास आणि स्मृती यांच्या आजच्या प्रयोगांपर्यंत अनेक ठिकाणी एड्रियन यांनी घालून दिलेल्या पद्धती आजही वापरात आहेत.